उचललेले एक चाक

मोटारीचे मागचे एक चाक जमिनीपासून उचललेले आहे, दुसरे जमिनीवर टेकलेले आहे, आणि इंजिन चालू करून गिअर टाकला आहे. अशा वेळी गाडी जागची हलेल की नाही? दुष्काळातल्या एका दुपारी आमच्या चारा छावणीत ती हलली. एका माणसाचे मनगट मोडले आणि दुसऱ्या एका माणसाचा कारागीर म्हणून असलेला लौकिक गेला. ती गाडी खोलून बसवणाऱ्या मिस्त्रींची त्यात चूक होती का, एवढाच प्रश्न मी या लिखाणापुरता समोर ठेवला आहे. उत्तर मला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. मात्र ते क्रमाने आणि मधले काही न गाळता मी आजवर मांडले नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, ऊस उभाच राहिला नाही, आणि कारखाना थांबला. थांबला असे कोणी म्हणत नसे. ‘यंदा गाळप न्हाई’ असे म्हणत, जणू पुढच्या वर्षाचे ठरलेलेच आहे. पण कामगार आपापल्या गावी गेले, मुले त्यांच्यामागे गेली, वर्ग एकत्र केले गेले आणि शेवटी वर्गच उरला नाही. मला शाळेच्या इमारतीची देखरेख सोपवण्यात आली. मी रोज ठरल्या वेळी घंटा देत असे. ती ऐकायला कोणी नव्हते. तरी वेळ मोजायला काही तरी हवे होते.

माझी पत्नी मुलीकडे पुण्याला गेली होती. टँकरपुढची रांग तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. “पाणी आलं की येते,” असे ती म्हणाली होती. दर रविवारी सकाळी नऊ वाजता ती केजच्या एका टेलिफोन बूथवर फोन करी आणि मी तिथे हजर असे. आठवड्यातले माझे खरे बोलणे ते तेवढे, आणि दुसरे मिस्त्रींबरोबरचे.

मिस्त्री कारखान्याच्या गिरणी विभागात फिटर होते. नदीपलीकडच्या गावातले. शिक्षण चौथीपर्यंत, आणि हात असा की दोन धातूंमध्ये केसाइतकी फट असेल तर ती त्यांना बोटाने कळे. कारखाना थांबल्यावरही ते रोज येऊन यंत्रांना तेल देत. “चालतं यंत्र झिजतंय आन थांबलेलं गंजतंय. गंज लई वाईट,” असे ते म्हणत. तेल देऊन झाले की माझ्या ओट्यावर चहाला बसत.

“साखर कारखान्यात ऱ्हाऊन सर गुळाचा चा पाजतेत,” ते पहिल्याच घोटाला म्हणत. “ह्येला काय म्हनावं?”

“दूरदृष्टी,” मी म्हणे.

हा विनोद आम्ही रोज करत असू. दोघांनाही तो पुरत असे.

आता गाडीविषयी. कारखान्याचे पूर्वीचे मुख्य अभियंता बाहेरगावचे होते. त्यांच्याकडे एक जुनी, परदेशी बनावटीची, दोनच माणसे बसतील अशी ठेंगणी स्पोर्ट्स कार होती. कापडी टप, लांब नाक, आणि इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणारी. बदली स्वीकारून जाताना त्यांनी ती माझ्या ताब्यात दिली. पुढे पत्र आले की, आता ती तुमचीच समजा. गाडीबरोबर तिचे इंग्रजी दुरुस्ती-पुस्तक आणि ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला एक जड गोळा लाकडी पेटीत होता. तो याच गाडीच्या महागड्या प्रकारात बसणारा डिफरन्शियल होता. तो बसवण्याचे त्यांच्या मनात होते, राहून गेले.

वसाहत आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नदी आहे. त्या वर्षांत ती वाळूचा रुंद पट्टा होती. वाळू नेणाऱ्या ट्रकांनी जुना फरशी-पूल फोडून टाकला होता. रविवारी केजला निघालो की माझी गाडी त्या वाळूत रुते. एक चाक जागच्या जागी गरगर फिरे, वाळू उडवी, आणि दुसरे तसूभरही हलत नसे. मिस्त्री त्या सुमारास काठावर येऊन थांबत, मागून रेटा देत, आणि गाडी बाहेर आली की शेजारी बसून माझ्याबरोबर केजला येत. तंबाखू घ्यायची आहे, असे कारण ते सांगत. तंबाखू त्यांच्या गावातही मिळे.

एका रविवारी ते नात्यातल्या लग्नासाठी लिंबागणेशला गेलेले होते. मी एकटाच रुतलो. चाकाखाली गोणपाट घातले, तुराट्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. अकराच्या सुमारास प्रवासी भरून नेणारी एक वडाप जीप आली आणि तिच्यातल्या माणसांनी मला ढकलून काढले. बूथवर पोहोचलो तेव्हा फोन येऊन गेलेला होता. पुढच्या रविवारी पत्नी म्हणाली, “मला वाटलं, तुम्हीही वसाहत सोडून गेलात. कुणाला विचारणार? तिथं विचारायलाच कोणी नाही.”

त्याच आठवड्यात मी ती लाकडी पेटी उघडली.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मी मिस्त्रींना समजावू लागलो आणि त्यांनी माझ्या तोंडचे वाक्य काढून घेतले. “खळ्यावर मळणीची बैलं बघितलीत न्हवं, सर? मदल्या मेढीजवळचा बैल हळू चालतोय आन कडंचा लई चालतोय. दोघं एकाच दाव्याला, पर चाल येगळी. गाडी वळताना चाकांचंबी तसंच.”

इतके चांगले उदाहरण मला इतक्या वर्षांच्या अध्यापनात सुचले नव्हते. ते मी वहीत टिपून घेतले.

“बरोबर,” मी म्हणालो. “ही वेगळी चाल चालू देणारा गोळा म्हणजे डिफरन्शियल. आता त्याचा दोष पाहा. तो दोन्ही चाकांना जोर नेहमी सारखा वाटून देतो. वाळूतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही. म्हणून त्याला जवळजवळ काही मिळत नाही, आणि तेवढेच, म्हणजे काहीच नाही, दुसऱ्यालाही मिळते.”

“म्हंजी एक उंडारतंय आन दुसरं त्येच्याकडं बगत बसतंय.”

“तसेच. या पेटीतल्या गोळ्यात पातळ चकत्या दाबून बसवल्या आहेत. एक चाक उंडारू लागले की त्या चकत्या घासतात, त्याला धरून ठेवतात, आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.”

मिस्त्रींनी पेटीतला गोळा दोन्ही हातांत घेऊन फिरवून पाहिला. “म्हंजी ह्यो बसवला की ढकलाय मानूस नगं.”

“नको.”

“बरं हाय,” ते म्हणाले, आणि गोळा परत कागदात ठेवला.

काम आम्ही कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर केले. पुस्तक वाचून मराठीत सांगण्याचे काम माझे. बाकी सगळे त्यांचे. जुने तेल काढले, दोन्ही बाजूंचे एक्सल बाहेर ओढले, मधला लांब दांडा सोडवला आणि जुना गोळा खाली घेतला. त्यावरचे मोठे दातेरी चाक, ज्याला फिटर लोक क्राऊन म्हणतात, ते उतरवून नव्या गोळ्यावर चढवले. हे चाक आणि त्याला फिरवणारे लहान दातेरी चाक यांच्यामधली फट अगदी ठरावीक असावी लागते. कमी असेल तर दाते तापतात, जास्त असेल तर तुटतात. मिस्त्रींनी ती कारखान्याच्या डायल गेजने मोजली, मधे पातळ पत्र्याची चकती घातली, पुन्हा मोजली, चकती बदलली. एक संपूर्ण दिवस त्यांनी या एका फटीला दिला.

शेवटी दाते एकमेकांना नेमके कुठे टेकतात हे पाहण्यासाठी त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर दात्यांना लावला आणि चाक हाताने फिरवले. “मारुतीला लावतो तसा ह्यालाबी लावावा लागतो. मारुती पावतोय का न्हाई कोन बघतंय? ह्यो मातुर लगीच दावतोय,” ते म्हणाले. शेंदूर दात्याच्या बरोबर मधोमध पुसला गेला होता. पुस्तकातल्या ‘योग्य’ या आकृतीशी मी तो ताडून पाहिला. फरक नव्हता.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. मी पुस्तकाची शेवटची पाने चाळत होतो. एका पानावर जाड रेघांच्या चौकटीत चार ओळी होत्या. मिस्त्रींना इंग्रजी येत नसले तरी चौकट म्हणजे महत्त्वाचे, एवढे त्यांना कळत होते. यंत्रांवर तशा चौकटी असतात.

“चौकटीत काय लिवलंय, सर?”

मी त्या ओळी मनात वाचल्या. हा डिफरन्शियल असलेल्या गाडीचे मागचे एकच चाक उचलून इंजिनने फिरवू नये; जमिनीवरच्या चाकाला जोर मिळून गाडी सुटेल; दोन्ही चाके उचलावीत. हा मजकूर यंत्रावर चाकांचा तोल साधणाऱ्यांसाठी दिलेला होता. आम्हाला चाकांचा तोल साधायचा नव्हता.

“ते आपल्या कामाचं नाही,” मी म्हणालो, आणि पान उलटले.

शाळेत मी असेच करत असे. परीक्षेला न येणारा भाग दिसला की ‘हे आपल्याला नाही’ असे सांगून पुढे जायचे. मुलांना त्याचा आनंदच होई. मिस्त्रींनी मान डोलावली आणि हात पुसायला चिंध्या घेतल्या.

रविवारी मी नदी ओलांडली. वाळूत गाडीचा वेग कमी झाला, मागे काहीतरी घट्ट पकडल्यासारखे वाटले, आणि ती हळूहळू, न रुतता, पलीकडच्या चढाला लागली. मिस्त्री काठावर उभे होते. मी हात केला. थांबण्याचे काही कारण नव्हते आणि चढावर थांबलो असतो तर वेग गेला असता, म्हणून थांबलो नाही. त्यांनीही हात केला. केजला मी नऊला दहा मिनिटे कमी असताना पोहोचलो. पत्नीला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “एवढं सगळं एक नदी ओलांडायला?” त्यानंतरच्या रविवारी मिस्त्री काठावर आले नाहीत. मला ते जाताना जाणवले नाही, परतताना जाणवले. शेजारची जागा रिकामी आहे हे मी पाहिले, आणि पुढच्या रविवारी तिच्यावर पाण्याचा कॅन ठेवू लागलो.

गाडी वळताना मागून बारीक कुरकुर येत असे. असा डिफरन्शियल वळणावर थोडा कुरकुरतोच, असे पुस्तकात होते. ते मात्र मी मिस्त्रींना वाचून दाखवले होते. वसाहतीत येणाऱ्याजाणाऱ्यांना ते माहीत नव्हते. “सरांची गाडी दात खाती,” असे ते हसून म्हणत.

उन्हाळा लागला तशी गावच्या दूध सोसायटीने आमच्या मैदानावर चारा छावणी उभारली. एरवी उसाच्या बैलगाड्या उभ्या राहत ती ही जागा. आसपासच्या गावांतली जनावरे आणि त्यांची माणसे तिथे मुक्कामाला आली. मला जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांची नोंद ठेवायचे काम मिळाले आणि मिस्त्रींना पाण्याचा पंप आणि कडबा बारीक करणारे कुट्टी यंत्र सांभाळायचे. मला ते दिवस बरे गेले, हे कबूल केले पाहिजे. सकाळी कोणीतरी ‘सर’ म्हणून हाक मारत असे.

वीज सारखी जाई. तेव्हा सोसायटीच्या जीपवर कुट्टी यंत्र चालवीत. ही रीत आमच्याकडे जुनी आहे. जीपचे मागचे एक चाक उचलून खाली दगड रचायचे, त्याचा टायर काढायचा, उघड्या रिमवरून यंत्राच्या चाकापर्यंत लांब पट्टा चढवायचा, आणि इंजिन चालू करायचे. उचललेले चाक फिरते आणि यंत्राला फिरवते. दुसरे चाक जमिनीवर असते म्हणूनच गाडी जागेवर राहते, असे सगळे मानत. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत ते बऱ्यापैकी खरेही आहे, कारण उचललेल्या चाकाला फिरायला थोडाच जोर लागतो आणि जमिनीवरच्यालाही तेवढाच थोडा मिळतो. हातब्रेक लावता येत नाही, तो मागच्या दोन्ही चाकांना धरतो. पुढच्या चाकांसमोर दोन दगड ठेवले की पुरे, अशी समजूत होती.

त्या दुपारी वीज गेलेली होती आणि जीपचा क्लच जळाला होता. कडब्याच्या पेंढ्या तशाच पडून होत्या. जनावरे ओरडत होती. दोन म्हशी घेऊन आलेला एक वयस्कर धनगर यंत्रापाशी उभा राहून मिस्त्रींचा पिच्छा पुरवत होता.

“मिस्त्री, म्हसरं बोंबलाय लागली. कवा सुरू करता?”

“थांब बे. इंजान काय तुज्या म्हशीवानी वैरनीवर चालतंय व्हय?”

“चाललं अस्तं तर मीच चारली अस्ती त्येला. हाय कुठं वैरन?”

माणसे हसली. मिस्त्री माझ्या तंबूच्या दारात आले. “सर, जीप बसली. तुमची गाडी लावू का कुट्टीला?”

मी बिल्ल्यांचे आकडे उतरवून घेत होतो. एक ओळ चुकली असती तर पुढच्या सगळ्या चुकल्या असत्या. मी वर न पाहता म्हणालो, “लावा की.”

माझी दोन शब्दांची परवानगी आणि गाडीची उडी यांच्यामध्ये निदान अर्धा तास गेला असला पाहिजे. दगड रचायला आणि टायर काढायला तेवढा वेळ लागतोच. त्या अर्ध्या तासात चौकटीतल्या चार ओळी मला आठवल्या नाहीत. तंबूतून गाडी दिसत होती. तिचे एक चाक उचललेलेही मला दिसले. मी ते पाहिले आणि पुन्हा वहीत पाहिले.

मिस्त्रींनी आत बसून क्लच सोडला. गाडी दगडांवरून पुढे झेपावली, रचलेली थप्पी कोसळली, उघडी रिम जमिनीत घुसली. ताणलेल्या पट्ट्याने कुट्टी यंत्र ओढून आडवे केले. पेंढी सरकवायला उभा असलेला तो धनगर मागे सरला, पण यंत्राची कड त्याच्या हातावर आली. मनगट मोडले. त्याला ट्रॅक्टरमधून केजला नेले. नेताना तो म्हणत होता, “माज्या म्हशींना कुनीतरी वैरन टाका.” वैरण मी टाकली. हाताने, न कापलेली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात सगळे बसले. चेअरमन मोठ्या जमिनीचे मालक होते आणि वाईट माणूस नव्हते. छावणीत माणूस जखमी झाला होता, त्यांना वर उत्तर द्यायचे होते.

“मिस्त्री, सरांची गाडी तुमीच खोललीती न्हवं?”

“व्हय.”

“आत काय नवीन बसवलं म्हनं.”

“व्हय.”

“तवापासून वळताना आवाज करती, सारं गाव ऐकतंय. हजारदा जीप लावली कुट्टीला, कवा हालली न्हाई. हीच का म्हून पळाली?”

“मला कळंना,” मिस्त्री म्हणाले. “पर बसवलंय ते बरोबर हाय.”

“बरोबर हाय तर पळाली कशी, बे?” मागून कोणीतरी म्हणाले. “तिला पंढरीला जायचं हुतं व्हय?”

कोणी मोठ्याने हसले नाही, पण हसले. मिस्त्री माझ्याकडे वळले. “सर हायत की. पुस्तक त्येंनी वाचलंय. सर, तुमी सांगा.”

मला त्या क्षणी चौकट आठवली. पूर्ण आठवली असे म्हणता येणार नाही. जाड रेघा आठवल्या, पान उलटल्याचे आठवले. पण आपल्याला आठवते ते बरोबर आहे का, मिस्त्रींच्या कामातही काही राहून गेले असेल का, हे मला निश्चित माहीत नव्हते. निश्चित नसलेले बोलायचे नाही, ही शिस्त मी मुलांना लावली होती आणि स्वतःलाही.

“तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. “बरं,” ते म्हणाले. पंप आणि यंत्र त्यांच्याकडून काढून घेण्यात आले.

मी तपासले. गाडी वर्कशॉपमध्ये ओढून घेतली आणि एकट्याने खोलली. खोलण्याचे जे काम आम्ही दोघांनी एका सकाळी केले होते त्याला मला तीन दिवस लागले, कारण दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. गोळा मला उचलवत नव्हता. फळी लावून मी तो सरकवत खाली आणला. चकत्या शाबूत होत्या. फट डायल गेजने मोजली. मिस्त्रींनी खडूने भिंतीवर लिहून ठेवलेल्या आकड्याइतकीच भरली. शेंदूर लावून दाते फिरवले. खूण दात्याच्या मधोमध उमटली. मग पुस्तकातले ते पान काढले आणि चार ओळी सावकाश वाचल्या. गाडी हलली ती काम चुकल्यामुळे नव्हे, काम अचूक झाल्यामुळे. नव्या गोळ्याने जे करायचे तेच केले होते. उंडारणाऱ्या चाकाला धरले आणि जोर जमिनीवरच्या चाकाकडे पाठवला.

चौथ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन हे सगळे सांगितले. पान मराठीत करून नेले होते. मिस्त्रींनी विचारले असताना मी ते सांगितले नाही, हेही सांगितले. चेअरमननी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे आदराने पाहिले.

“सर, तुमी मोठ्या मनाचे. गरिबाचं नुस्कान हू नये म्हनून सवताच्या अंगावर घेताय. पर आता त्येच्या जागी दुसरा लावलाय. हे राहू द्या.”

मी पुन्हा सांगितले. मी जितक्या नेमकेपणाने सांगत गेलो तितका त्यांचा माझ्याविषयीचा आदर वाढत गेला, आणि मिस्त्रींविषयीचे मत पक्के होत गेले.

तिथून मी नदी पायी ओलांडून मिस्त्रींच्या घरी गेलो. ते कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर जायला निघाले होते. पत्र्याची ट्रंक दारात होती. त्यांच्या पत्नीने मला पाट दिला.

“तपासलं का, सर?” मिस्त्रींनी विचारले.

“तपासले.”

“काय निगालं?”

“सगळे बरोबर आहे. फट तुम्ही लिहिली होती तेवढीच आहे.”

“ते मला ठावं हुतं.” ते ट्रंकेचा कोयंडा बसवत होते, तो नीट बसत नव्हता. “आन चौकटीत काय हुतं?”

मी खिशातून कागद काढून वाचला. त्यांनी कोयंडा सोडून पूर्ण ऐकले.

“मी इचारलंतं तुमाला.”

“हो. विचारले होते.”

“मग यवढं त्या दिशी आफिसात बोलायचं हुतं. गाडी खोलायची काय गरज हुती, सर? मी बसवलीती की.”

मी म्हणालो की, खात्री करून मगच बोलावे असे मला वाटले.

“व्हय. तुमचं बरोबरच हाय.” त्यांनी एका वाराने कोयंडा बसवला. “चा घ्या. निवाला.”

चहा साखरेचा होता. मी तो प्यायलो. गुळाचा विनोद दोघांपैकी कोणीही केला नाही. एसटी थांब्यापर्यंत मी ट्रंकेचे एक टोक धरून गेलो. बस आली तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला, शाळेतल्या माणसाला करतात तसा.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आले. धनगराचा हात वाकडा जुळला, पण जुळला. तो मला बाजारात भेटला की मिस्त्रींची चौकशी करतो. मिस्त्री परत आले नाहीत. मी दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. त्यांना लिहिणे फारसे जमत नसे, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. पत्नी येते, थोडे राहते आणि मुलीकडे परतते.

आमच्या भागात अजूनही एखादी मोटर बिघडली किंवा पंप उलटा बसला की, ‘मिस्त्रीनं सरांची गाडी बसवल्यागत बसवलंय’ असे म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मिस्त्रींना पाहिलेलेही नाही. मी प्रत्येक वेळी थांबवून खुलासा करतो. लोक ऐकून घेतात आणि माझ्या मनाच्या मोठेपणाबद्दल बोलतात. म्हणून आता मी खुलासा करणे सोडले आहे आणि लिहिले आहे. प्रश्नाचे उत्तर असे: गाडी हलणारच होती, मिस्त्रींची चूक नव्हती, ज्याने वाचले होते त्याने सांगितले नाही.

हेही उत्तर माझ्या शब्दावर स्वीकारू नये. गाडी वसाहतीच्या जुन्या वर्कशॉपमध्ये उभी आहे, किल्ली माझ्याकडे मागावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागची दोन्ही चाके उचलून खाली भक्कम आधार द्या, इंजिन बंद ठेवा, गिअर काढा, हातब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. साध्या गाडीत दुसरे चाक उलट दिशेला फिरते. या गाडीत ते त्याच दिशेला फिरेल. त्यानंतर वाटल्यास गोळा खाली घ्या, दात्यांना शेंदूर लावा, फट मोजा आणि भिंतीवरच्या खडूच्या आकड्याशी ताडून पाहा. पुस्तकही तिथेच ठेवले आहे. कृपया आपण स्वतः येऊन तपासावे.